ठिपक्यांपासून मागे

मिलिंद, त्या दुपारी ठरलं होतं. शाळेच्या हॉलमागच्या पायऱ्यांवर बसून, वर्तमानपत्राच्या तुकड्यातलं भडंग खात आपण दोघांनी ठरवलं होतं, की संध्याकाळच्या कार्यक्रमात पहिला भाग कागदावरच्या दोन ठिपक्यांपर्यंत आला की मागे जायचं आणि सुरुवातीपासून पुन्हा वाजवायचं. "मग घ्यायचं न्हवं नक्की?" तू विचारलंस. "घ्यायचं. त्या दोघांना मी सांगतो," मी म्हणालो. शब्द माझेच होते आणि मला ते जसेच्या तसे आठवतात. आठवत नाहीत, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. बायकोलासुद्धा खरं कधी सांगितलं नाही.

तुझ्यावर काहीतरी लिही, असं नंदूभाऊ म्हणाले. पुढच्या महिन्यात त्याच हॉलमध्ये तुझ्या आठवणीसाठी एक संध्याकाळ करायची आहे. आम्ही उरलेल्या तिघांनी वाजवायचं आणि मध्ये मी दोन पानं वाचायची. "जन्म कुठला, नोकरी कुठली ते मी सांगतो स्टेजवरनं. तू मास्तर माणूस हाईस, तू आपलं आतलं लिही." आतलं म्हणजे त्यांना एसटीतला किस्सा हवा असणार. तोही लिहितो. पण पायऱ्यांवरचं बोलणं सगळ्यात आधी लिहून टाकलं, कारण ते मागे ठेवलं असतं तर मी किश्श्यांतच पानं संपवली असती. तेवढं मी स्वतःला ओळखतो.

एसटीचा किस्सा असा. बिद्रीला साखर कारखान्यात तू केमिस्ट होतास आणि पाळी संपवून चेलो घेऊन कोल्हापूरला तालमीला यायचास. अंगाला मळीचा वास आणि हातात माणसाएवढी काळी पेटी. कंडक्टरनं विचारलं, "पावणं, ह्यात माणूस न्हाय न्हवं?" तू म्हणालास, "माणूसच हाय, झोपलाय. हळू बोला." "मग तिकीट काढा त्याचं." तू काढलंस. पेटी खिडकीला बसवलीस आणि स्वतः शेजारी बसलास. पुढच्या थांब्यावर एक म्हातारी चढली. तू सांगितलंस, "आजी, त्या सीटचं तिकीट काढलंय." ती म्हणाली, "काढलं असंल. म्हातारी उभी हाय आणि हा झोपलाय, उठीव की त्याला." शेवटी तू उठलास. म्हातारी कोल्हापूरपर्यंत चेलोशेजारी बसून आली आणि उतरताना तुला म्हणाली, "तुझ्यापेक्षा तुझा पावणा बरा, गप बसतोय."

हे तू इतक्या वेळा सांगितलंस की नंतर नंतर म्हातारीचं गाव बदलायला लागलं.

आपण दोघं एकाच मास्तरांकडे शिकलो. मास्तर गोव्याचे. कोल्हापुरात सिनेमाचे स्टुडिओ चालू होते तेव्हा वाजवायला आले आणि स्टुडिओ बंद पडल्यावरही परत गेले नाहीत. राजारामपुरीतल्या त्यांच्या खोलीत एका कोपऱ्यात माझं व्हायोलिन आणि दुसऱ्या कोपऱ्यात तुझा चेलो. माझे वडील हायस्कूलचे मुख्याध्यापक, तुझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. मास्तरांनी दोघांनाही वडील काय करतात ते विचारलं नाही. त्यांनी तुझी बोटं हातात घेऊन बघितली, लांब होती, म्हणून तुला चेलो दिला. कागदावरचं संगीत वाचायला तू माझ्या आधी शिकलास. हे मी मोठेपणानं कबूल करतोय असं नाही. तूच मला ते आयुष्यभर ऐकवलंस. "ह्याला मी वाचायला शिकवलंय," असं माझ्या विद्यार्थ्यांसमोर सांगायचास, आणि ते जवळजवळ खरं होतं.

तू नम्र नव्हतास. लोक आता तुझ्याबद्दल बोलताना तुला नम्र करून टाकतायत. परवा कुणीतरी म्हणालं, साधा माणूस होता.

मास्तर गेल्यावर आपण चौघं जमलो. पहिलं व्हायोलिन माझ्याकडे. दुसरं नंदूभाऊंकडे, त्यांचं शाहूपुरीत इलेक्ट्रिकचं दुकान, तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवलेलं. व्हिओलाला वसुधाताई, तेव्हा शाळेत संगीत शिकवायच्या. आणि चेलोवर तू. पाश्चात्त्य पद्धतीचा क्वार्टेट, तोही कोल्हापुरात. लोक विचारायचे, गाणारा कोण आहे. कुणी नाही म्हटलं की विचारायचे, तबला? तोही नाही म्हटलं की गप्प व्हायचे.

गळीत हंगाम चालू असला की तुला मान वर करायला वेळ नसे, म्हणून आपले कार्यक्रम उन्हाळ्यात व्हायचे. पंखे लावता येत नसत, कागद उडायचे. वसुधाताई घरून कपडे वाळत घालायचे चिमटे आणायच्या आणि प्रत्येकाच्या स्टँडला लावायच्या. तरी पंखे बंदच ठेवावे लागत. ऐकणारे पदरानं, रुमालानं, कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत बसायचे.

आपल्या भांडणाचा विषय कायम एकच. आपण नेहमी वाजवायचो त्या जुन्या रचनेत पहिल्या भागात एक जागा येते. तिथं जाड उभी रेघ आणि तिच्या अलीकडे दोन ठिपके. अर्थ असा की इथून मागे जा आणि सुरुवातीपासून सगळं पुन्हा वाजवा. पुष्कळ लोक ते सोडून पुढे जातात. माझं म्हणणं होतं, आपणही सोडू. तुझं म्हणणं होतं, छापलंय ते वाजवायचं.

"दोनदा तेच?"

"दोनदा. लिहिणाऱ्याला काय कळत नव्हतं व्हय?"

"लोक कंटाळतील, मिलिंद. उठून जातील."

"हीच माणसं एक चीज तासभर ऐकत्यात लगा. तवा कोण उठत न्हाय. तुझ्या वेळंलाच बरी उठतील."

मी हसून विषय बदलायचो. तू मात्र चिकाटी सोडायचा नाहीस. पहिल्यांदा वाजवतो ते नुसतं येऊन जातं, म्हणायचास. दुसऱ्यांदा आलं की ऐकणाऱ्याला कळतं आपण कुठं होतो. नंदूभाऊंचं मत वेगळंच असायचं: "लवकर संपंल तेवढं बरं. दुकानात भाच्याला बसवून आलोय." तालमीत पहिल्या व्हायोलिनचं ऐकायचं अशी पद्धत, म्हणून आपण प्रत्येक तालमीत ठिपके सोडून पुढे जायचो आणि तू प्रत्येक वेळी घसा खाकरायचास.

त्या उन्हाळ्यातल्या कार्यक्रमाला तुझ्या दृष्टीनं फार महत्त्व होतं, हे मला माहीत होतं. ज्या ट्रस्टनं तो ठेवला होता त्यांना दर रविवारी मुलांसाठी तंतुवाद्यांचा वर्ग सुरू करायचा होता. व्हायोलिन, व्हिओला, चेलो, सगळं एकत्र. शिकवायला ते तुला घेणार, हे जवळजवळ नक्की होतं. ट्रस्टचे मुख्य, ज्यांना सगळे अप्पा म्हणायचे, ते एवढंच म्हणाले होते की कार्यक्रम होऊ दे, मग जाहीर करू. तू रविवारची पाळी बदलून मागितली होतीस. लहान मुलांच्या मापाचा एक मोडका चेलो कुठूनतरी मिळवून, त्याची मान नव्यानं बसवून घेतली होतीस. आम्हाला दाखवायला आणलास तेव्हा त्याच्या खुंट्यांना तेल लावत होतास आणि म्हणत होतास, "कोल्हापुरात मी एकटाच किती वर्षं चेलो वाजवू? एखादा तरी दुसरा पायजे. मी आजारी पडलो तर तुम्ही काय करणार?"

आणि त्या दुपारी पायऱ्यांवर मी हरलो. का हरलो ते सांगता येणार नाही. कदाचित भडंग खाताना माणूस भांडत नाही. कदाचित तू त्या दिवशी पहिल्यांदाच आवाज न चढवता बोललास. म्हणालास, आज अप्पा हायत, आज एकदा तरी कागदावर हाय तसं वाजवू. मी हो म्हणालो आणि त्या दोघांना सांगायचं माझ्याकडे घेतलं.

नंतर आत गेलो तर नंदूभाऊंची तार तुटली होती. मग सत्काराचे हार आले, मग अप्पांचं भाषण सुरू झालं. सांगायचं राहिलं. तोवर त्यात लबाडी नव्हती, हे तुला पटेल. स्टेजवर बसताना मी स्वतःशी म्हटलं, काही बिघडत नाही, ठिपक्यांपाशी आलो की गजानं खूण करीन, दोघं माझ्याकडे बघूनच वाजवतात, मागे येतील.

पहिल्या भागात माझ्याकडे एक पळती ओळ आहे, वरच्या तारेवर चढत जाणारी. घरी ती मला दहात नऊ वेळा जमायची. त्या संध्याकाळी बोट वर सरकताना घामानं घसरलं. सूर सापडेना, म्हणून मी बोट तसंच तारेवर घासत वर नेलं आणि कसाबसा वरचा सूर गाठला. झालं काय, की ती घसर ऐकायला मींडेसारखी झाली. अशा संगीतात तशी मींड नसते. पण ऐकणारे कोल्हापूरचे, कान ख्यालाचे. पुढच्या रांगेतून एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "वा, क्या बात है." अप्पांनी मान डोलावली. आणखी दोन-तीन ठिकाणांहून "वा" आलं.

संपूर्ण कार्यक्रमात दाद मिळाली ती या एका चुकीला. तू माझ्याकडे बघितलंस. भुवया वर गेल्या होत्या आणि तू ओठ दाबून हसू आवरत होतास. आता याला मी महिनाभर चिडवणार, असं त्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

ठिपके येईपर्यंत माझ्याकडे जेमतेम मिनिटभर होतं. त्या मिनिटात मी जे ठरवलं ते मी आज पहिल्यांदा लिहितोय. मागे गेलो तर ती ओळ पुन्हा येणार. बरोबर वाजवली तर मींड जाणार आणि पुढच्या रांगेला वाटणार, मघाशी हा काय करत होता. पुन्हा घसरलो तर सगळ्यांनाच कळणार. दोन्हीपैकी काहीच मला नको होतं. अशा वेळी लोक म्हणतात, विसर पडला, गोंधळ झाला. मला विसर पडला नव्हता. ठिपके मला स्पष्ट दिसत होते, चिमट्याच्या अगदी खाली. मी गज पुढच्या ओळीकडे वळवला.

नंदूभाऊ आणि वसुधाताई सवयीनं माझ्यामागे आले. तालमीत तसंच तर केलं होतं. तू ठरल्याप्रमाणे मागे गेलास, आणि तूही सवयीनं, म्हणजे ठामपणे, भरपूर आवाज लावून. आम्ही तिघं पुढे आणि तू एकटा सुरुवातीला. काही वेळ दोन वेगळ्याच रचना एकदम चालल्या होत्या. तू माझ्याकडे बघितलंस. मी कागदात बघत होतो. मग तू थांबलास, गज तारेवरून उचललास, कुठं आहोत ते कानानं शोधलंस आणि येऊन मिळालास. तेवढ्यात शोधून मिळणं फार अवघड असतं. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. लोकांना दिसलं ते एवढंच, की तिघं बरोबर होते आणि चेलोवाला चुकला.

जेवण अप्पांच्या गच्चीवर होतं. मसालेभात, मठ्ठा, जिलबी. ताटं घेऊन सगळे उभे होते. नंदूभाऊंनीच सुरुवात केली, मनात काही नव्हतं त्यांच्या. "काय मिलिंदराव, वळलासा कुठं? आम्ही तिघं निघालो पुण्याला, तुम्ही आपलं परत बिद्रीला."

सगळे हसले. तूही हसलास. मग म्हणालास, "मी बरोबर होतो. ठिपक्यांपासनं मागं जायचं, असं दुपारी ठरलंय आमचं. इचारा की ह्याला."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या तोंडात जिलबी होती. ती संपेपर्यंत मला वेळ मिळाला, आणि त्या वेळात मी जे वाक्य तयार केलं ते चांगलं गुळगुळीत होतं. मी म्हणालो, "बोललो होतो आपण तसं. पण ठरलं असं काही नव्हतं, मिलिंद."

तू म्हणालास, "सांग की नीट. 'दोघांना मी सांगतो' असं कोण म्हणालं?"

मी म्हणालो, "जाऊ दे ना. झालं ते झालं. कुणाच्याही हातून होतं."

वसुधाताई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, अरे होतं असं. आणि अप्पा, तुला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पण तुझ्याशी नव्हे, माझ्याशी बोलले. "वाजवतात सुरेख. वडील बँडमध्ये होते ना, हात रक्तातच असतो. पण कानावरचं वेगळं आणि कागदावरचं वेगळं. मुलांना शिकवायचं तर कागद पक्का पाहिजे."

वडील बँडमध्ये होते, याचा त्या गच्चीवर काय अर्थ होता, तो तिथल्या प्रत्येकाला कळला. मलाही कळला. चौघांत कागद सगळ्यात पक्का कुणाचा, हेही मला माहीत होतं. मी मान हलवली. हो म्हणालो नाही, पण मान हलवली. तू ताट ठेवलंस, हात धुतलेस आणि पेटी उचलून जिना उतरलास. नंदूभाऊंनी वरून हाक मारली, "अहो, जिलबी तरी खाऊन जावा." तू खालून म्हणालास, "तुम्हीच खावा. पुण्याला लांब जायचंय तुमाला."

वर्ग मला मिळाला. मी नाही म्हणालो नाही. दोन दिवस विचार करतो असं सांगून मग हो म्हटलं, म्हणजे बरं दिसतं. मला फक्त व्हायोलिन शिकवता येतं, म्हणून तो व्हायोलिनचा वर्ग झाला आणि अजून चालू आहे. लोक मला त्या वर्गामुळेच ओळखतात. कॉलेजात गणित शिकवतो हे फारसं कुणाला माहीतही नसतं.

तू पुन्हा तालमीला येणार नाहीस, असं आम्हाला वाटलं होतं. पुढच्या तालमीला तू सगळ्यांच्या आधी येऊन बसला होतास. नंदूभाऊ म्हणाले, "आलासा? बरं झालं." तू म्हणालास, "न येऊन वाजवू कुणासंगं? उसासंगं?" त्यानंतर तू वर्षानुवर्षं माझ्या डाव्या हाताला बसून खालचे सूर धरलेस. एकदा भर कार्यक्रमात माझा कागद स्टँडवरून घसरला, तेव्हा तू तुझा एक सूर एवढा लांबवलास की मी वाकून, उचलून, लावून परत सुरुवात करेपर्यंत कुणाला काही कळलं नाही. त्याबद्दल मी तुला कधी एक शब्दसुद्धा बोललो नाही. तुझ्याशी सरळ बोलणंच मी सोडून दिलं होतं. हवापाणी, तारा कुठं स्वस्त मिळतात, कारखान्यातला साखरेचा उतारा. माझ्या आयुष्यात तुझ्याइतका जवळचा दुसरा कुणी नव्हता, आणि तुझ्याशी मी उताऱ्याच्या गप्पा मारायचो.

एकदाच तू विषय काढलास. कळंब्याला तुझं घर झालं तेव्हा, वास्तूचा कार्यक्रम आटोपून पाहुणे गेल्यावर आपण दोघं तळ्याच्या बांधावर फिरायला गेलो होतो. तू खिशातून शेंगा काढून फोडत होतास. मला म्हणालास, "त्या मींडेचं मी कुणाला सांगितलं न्हाय, बघ."

मी तळ्याकडे बघत चालत राहिलो.

"तू का पळालास ते मला स्टेजवरच कळलं. माझ्या हातनं तशी मींड निघाली असती तर मीबी पळालो असतो. ते सोड. जिलबी खाताना गप बसलास, ते काय मला अजून उमगत न्हाय. तिथं काय तुला वाजवायचं होतं?"

मी म्हणालो, "जुनं झालं रे. सोड की आता."

तू आणखी एक शेंग फोडलीस. मग शेंगांची मूठ माझ्यापुढे धरलीस. मी घेतल्या. तुला वाटलं असेल मी चालता चालता बोलेन, कारण घरापर्यंत तू एक अक्षर काढलं नाहीस. मीही नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत तू प्रज्ञाला माझ्या वर्गात घातलंस. तुझ्या मुलीला, तुझ्याच वर्गात, माझ्याकडे. मी विचारलं, चेलो का नाही शिकवत तिला? तू म्हणालास, "घरी शिकवायला बघितलं. बाप मास्तर झाला की पोरगी रडती. तुझ्याकडं बाकीची पोरं हायत, त्यांच्यात बसू दे." लहान मापाचा तो चेलो तुझ्या घरी कपाटावर होता. मुलं वाढली, कुणी तो वाजवला नाही.

आणखी एक सांगायचं आहे, ते तुला बहुतेक माहीत नसेल. वर्गात मुलांना ठिपक्यांचा अर्थ शिकवताना मी एक गंमत सांगायचो. एकदा काय झालं, तिघं पुढे गेले आणि एक जण मागे गेला. मुलं हसायची. शिकवायला सोयीचा किस्सा होता, मी तो बरीच वर्षं सांगितला. एका रविवारी सांगून झाल्यावर प्रज्ञाकडे लक्ष गेलं. ती हसत नव्हती, पेन्सिलनं कागदावरचे ठिपके गडद करत होती. मी नाव घेतलं नव्हतं. पण कोल्हापुरात चेलो एकच होता. त्यानंतर मी तो किस्सा बंद केला. तिला घरी तू काय विचारलंस, तिनं काय सांगितलं, मला कळलं नाही. ती पुढच्या रविवारी वेळेवर आली.

तू गेलास तेव्हा मी कॉलेजात पेपर तपासत होतो. नंदूभाऊंचा फोन आला. ते नेहमी मोठ्यानं बोलतात, त्या दिवशी इतकं हळू बोलले की मला दोनदा विचारावं लागलं. मला रडू आलं नाही. हातातला पेपर पुरा तपासला, बेरीज केली, मग उठलो. कळंब्याला पोचलो तेव्हा तुला पांढऱ्या चादरीवर ठेवलं होतं आणि कुणीतरी तुझा उजवा हात छातीवर आणून ठेवला होता, गज धरतोस तसा. मुद्दाम नसेल. मी तिथं फार वेळ थांबलो नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मात्र शेवटपर्यंत थांबलो. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. सुनंदावहिनी आत पडल्या होत्या. प्रज्ञा मला चहा घेऊन आली. ती आता पुण्यात नोकरी करते, बोलणं तुझ्यासारखंच, सरळ. समोर बसून म्हणाली, "सर, एक विचारू का? बाबा तुमच्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. पण त्या कार्यक्रमाचा विषय निघाला की एवढंच म्हणायचे, दुपारी ठरलं होतं. आई म्हणायची, सोडा आता. ते म्हणायचे, सोडलंय, पण ठरलं होतं. खरंच ठरलं होतं का हो?"

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. अप्पा जाऊन कितीतरी वर्षं झाली. पुढची रांग नव्हती, मींड नव्हती, वर्ग कुणी काढून घेणार नव्हतं. आता या मुलीसमोर मला गमावण्यासारखं काहीही नव्हतं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "खूप वर्षं झाली गं. आता नीट आठवत नाही."

ती म्हणाली, "बरं, सर." आणि कप उचलून आत गेली.

गच्चीवर मी घाबरलो होतो. कळंब्याला घाबरायला काहीच नव्हतं. तरी तसंच वाक्य आलं, आपोआप, इतक्या वर्षांच्या सवयीनं तयार झालेलं. तेव्हापासून मला झोप लागते, जेवण जातं, वर्ग नीट चालू आहे. फक्त व्हायोलिन हातात घेतलं की मी ते पुसून परत ठेवतो.

आणि नंदूभाऊ रोज फोन करतात. तिघांना वाजवायला काय मिळतंय का बघ, म्हणतात. शोधतोय. तुझ्या संध्याकाळी आम्हाला तिघांचं वाजवावं लागणार, कारण चेलो वाजवणारा गावात कुणी नाही. वसुधाताई म्हणाल्या, इतक्या वर्षांत एक तरी तयार व्हायला हवा होता रे. त्यांना सहज सुचलं ते. वर्ग तुझ्याकडे असता तर एव्हाना चार झाले असते, आणि त्यातली एक बहुधा प्रज्ञा असती. हे मी त्यांना बोललो नाही.

हे तुला लिहिणं सोपं गेलं. तू उलट बोलत नाहीस, आणि त्या दिवसाचं तुला काही नवीनही नाही. तुला कळावं म्हणून मला काही कबूल करायचंच नव्हतं, तू तर तिथं होतास. ज्यांना माहीत नाही ते अजून आहेत. नंदूभाऊ दुकानात असतात, वसुधाताई घरीच असतात. प्रज्ञा रविवारपर्यंत कळंब्याला आहे, मग पुण्याला जाईल. तिनं माझ्यासमोर बसून विचारलं होतं, म्हणून हॉलमध्ये माईकवरून सांगून भागणार नाही, आणि हा कागद तिच्या हातात देऊनही नाही. तिच्यासमोर बसून सांगायला हवं की तिचे वडील बरोबर होते, मी खोटं बोललो, आणि त्या खोट्यावर मला त्यांचा वर्ग मिळाला. एवढं मी तुझं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.